एक किलोमीटरच्या आत

त्या आठवड्यात मी सकाळपासून दार सताड उघडं टाकून बसायची, आणि गल्लीत मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की उठून उंबऱ्यात यायची. पंचायत समितीतून पाहणीला माणसं येणार, एवढं कळलं होतं. कधी येणार हे कुणी सांगत नव्हतं. सांगून आले तर ती पाहणी कसली! आम्ही त्या खोलीत खरंच राहतो का, हे त्यांना बघायचं होतं. आम्ही राहत नव्हतो. आमचं घर कऱ्हाटीला, रानात. अजूनही तिथंच आहे. बारामतीतली ती खोली आम्ही घेतली ती फक्त कागदावर राहायला, आणि त्याचं कारण माझी सहा वर्षांची मुलगी. खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडं एक मोठी इंग्रजी शाळा आहे. तिथल्या पहिलीच्या वर्गासाठी मुलीचं नाव सोडतीत लागलं होतं. आमचं खोटं उघडं पडलं की ती जागा गेली.

माझा राग आधी नियमावर होता, थोडा अजूनही आहे. अशा शाळांनी चौथा हिस्सा जागा गरिबाघरच्या मुलांना फी न घेता द्यायच्या, असा कायदा आहे. फार चांगला कायदा. पण जागा मूठभर आणि अर्ज ढीगभर, म्हणून शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी संधी. आता त्या शाळेच्या आजूबाजूला जाऊन बघा. डॉक्टरांचे बंगले आहेत, कारखान्याच्या संचालकांचे आहेत, एमआयडीसीतल्या मोठ्या साहेबांचे आहेत. गरिबांनी एक किलोमीटरच्या आत राहायचं तरी कुठं? मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची एक गल्ली उरलेली होती, तेवढीच.

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा असतो. पडद्यावर नकाशा येतो आणि आपल्या घरावर एक लाल फुगा नेऊन ठेवायचा असतो. माझा नवरा एमआयडीसीतल्या दूध डेअरीत कंत्राटी कामाला आहे, मशीनची त्याला सवय. त्यानं पहिल्यांदा फुगा कऱ्हाटीला आमच्या घरावर ठेवला. भोवती सगळा हिरवा ऊस. मग माझ्याकडं बघितलं आणि फुगा हळूहळू सरकवत बारामतीत आणला, शाळेच्या मागं.

"सोडू का हितं?" त्यानं विचारलं.

"सोडा," मी म्हणाले.

खोटेपणा म्हणतात तो एवढाच. पण सोडा म्हणणारी मी होते, हे मी कधी त्याच्यावर ढकललेलं नाही.

त्या शाळेचं वेड माझ्या डोक्यात शिरलं ते शिवणयंत्रावर. मी कपडे शिवते. बारामतीतलं एक गणवेशाचं दुकान मला गठ्ठ्यानं काम देतं, त्यात या शाळेचे कोट असतात. आमच्याकडच्या उन्हात अस्तराचा कोट! पण असतो. गडद निळा, छातीच्या खिशावर बिल्ला, बिल्ल्यावर सिंह, उघडं पुस्तक आणि खाली कुठल्यातरी मेलेल्या भाषेतले दोन शब्द. बटणं पितळी रंगाची, त्यांवरही तोच सिंह. मुलांचे चार गट, त्यांना हाऊस म्हणतात, आणि प्रत्येक हाऊसच्या टायचा पट्टा वेगळ्या रंगाचा. पट्टा चुकला तर टाय परत येते. दुसऱ्याची पोरं अंगात काय घालून मोठी होतात हे शिवणाऱ्या बाईइतकं कुणाला कळत नाही. एक कोट खांद्याला सैल करायला यायचा तो कारखानदाराच्या नातवाचा, दुसरा यायचा बड्या डॉक्टरच्या मुलीचा, आणि माझ्या टेबलावर दोन्ही एकमेकांवर पडलेले असायचे. तेव्हा वाटायचं, ही दोघं एका बाकावर बसत असतील. उद्या एकाला दवाखाना लागला की दुसरीला नुसता फोन. आमच्या भागात सगळं ओळखीवर चालतं आणि आमची ओळख कुणाशी? मला इंग्रजी नको होतं, खरं सांगायचं तर. मला तो बाक हवा होता.

त्या शाळेच्या ग्रंथालयात काम करणारे एक सर पँटची उंची कमी करायला यायचे. बोलके होते. मी त्यांना एकदा विचारलं की हा कोट, हे हाऊस, ही टाय, असलं सगळं कुठनं आलं. ते म्हणाले, विलायतेतून. तिकडं शेकडो वर्षांपूर्वी राजेलोकांनी, धर्मगुरूंनी शाळा काढल्या. कुणासाठी? तर गरिबांच्या हुशार पोरांसाठी. शिकवणं फुकट, जेवण फुकट, राहणं फुकट. मग श्रीमंतांना वाटलं, शिकवणं बरं दिसतंय, आपलीही पोरं घाला. ते फी देऊन आले आणि हळूहळू सगळी शाळाच त्यांची झाली. गरिबांच्या जागा नावाला उरल्या. पुढं त्याच बाकांवरून मंत्री निघाले, न्यायाधीश निघाले, आपल्यावर राज्य करायला आलेले साहेब निघाले. काय शिकला यापेक्षा कुणाशेजारी बसून शिकला याला तिथं किंमत. इकडं आपल्या राजेरजवाड्यांनी पोरांसाठी तसल्याच शाळा मागून घेतल्या, त्यांचं बघून थंड हवेच्या डोंगरांवर निघाल्या, आणि आता त्या उसात उतरल्या आहेत.

"म्हंजी सर, जागा आधी आमचीच हुती की. त्यांनी बळकावली," मी म्हणाले.

सर हसले. "तसंच काहीसं," म्हणाले आणि पँट घेऊन गेले.

ते वाक्य मी फार जपून ठेवलं. रात्रंदिवस मनाला तेच ऐकवत होते. आपली जागा आपण परत घेतोय, यात चोरी कसली?

खोलीचे मालक एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांनी भाडेकरार करून दिला तो अगदी सराईतपणे. कुठं सही करायची, कुठं अंगठा, साक्षीदार कोण, सगळं तयार. मला तेव्हाच कळलं की या खोलीत कागदावर राहणारे आम्ही काही पहिले नाही. "लेकराचं कल्याण हुतंय ना, मग झालं," आबा म्हणाले. कागदपत्रांची तपासणी पार पडली, मी देवापुढं नारळ फोडला. आणि आठच दिवसांत आबांचा फोन आला. पंचायत समितीत त्यांच्या ओळखीचं कुणीतरी होतं, त्यानं सांगितलेलं.

"अर्ज आलाय तुमच्याविरुद्ध. निनावी हाय. पाहणी हुईल. आठवडाभर हितं येऊन बसा."

कोण देणार अर्ज? विचार करायला लागू नये इतकं ते सरळ होतं. आमच्या खोलीला लागून एक खोली होती, तिथं खरोखरची भाडेकरू राहायची. नवरा एमआयडीसीत, तीही सकाळी चार घरची धुणीभांडी करायची. तिलाही सहा वर्षांची मुलगी. आणि प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तिच्या मुलीचं होतं. हे मला आबांनीच सांगितलं, तेही सहज, पान लावता लावता. आमची जागा गेली की ती तिच्या मुलीची.

त्या बाईचा मला इतका संताप आला की विचारू नका. म्हणजे मी तिची जागा खाल्ली होती आणि संतापत होते मीच! पण तेव्हा हे असं सरळ दिसत नव्हतं. तेव्हा दिसत होतं एवढंच, की समोर यायची हिंमत नाही आणि मागून कागद टाकते.

मग आमचं रोजचं नाटक सुरू झालं. नवरा कामावर जाताना मला आणि मुलीला मोटारसायकलवरून खोलीवर सोडायचा, संध्याकाळी परत न्यायचा, कारण घरी म्हशीची धार असायची आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले. खोली राहती दिसावी म्हणून मी काय काय नाही केलं! दोरीवर ओले कपडे टाकले. भिंतीला दिनदर्शिका लावली, तिच्यावर म्हैस गाभण राहिल्याची खूण केली आणि मग घाबरून खोडली, कारण या खोलीत म्हैस कुठली. वाण्याची यादी करून तूरडाळ, तांदूळ, मीठ, मिरची पावडर, चहापत्ती, तेल, काडेपेटी आणली. एक शेगडी मांडली. सहा डबे ओट्यावर ओळीनं ठेवले. तिनांत डाळ, तांदूळ, मीठ भरलं, तीन रिकामे राहिले. रिकामा डबा हलवला की लगेच कळतो, म्हणून त्यांत मी घरून आणलेली बटणं ओतली. दिवसभर बसून कोटांना बटणं लावायचं कामही चालूच होतं. जेवण मात्र घरून डब्यात यायचं. म्हशीचं दूधही बाटलीत, मुलीसाठी.

शेजारीण सकाळी कामाला जाताना आमच्या दारावरून जायची. बघायची, थांबायची नाही. मी मान खाली घालून बटण लावत बसायची. पोरींना मात्र याचं काही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दोघींनी पायरीवर भांडीकुंडी मांडली होती. मी मुलीला आत ओढलं, "तिच्याबरूबर खेळायचं न्हाय," म्हणून सांगितलं. "का?" म्हणाली. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तो धपाटा मला अजून आठवतो. तिला आठवत नाही.

पाचव्या दिवशी ते आले. अकराचा सुमार होता, ऊन तापायला लागलं होतं. दोघं जण होते. एक विस्तार अधिकारी, पिकल्या मिशांचे, कपाळावरचा घाम रुमालानं टिपत आलेले. दुसऱ्या एक शिक्षिका, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या, समितीवर नेमलेल्या. काखेत फाइल. मी पदर सावरून "या की," म्हणाले.

साहेबांनी करार बघितला, आधार कार्ड बघितलं, विजेचं बिल कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. मुलीला नाव विचारलं. तिनं सांगितलं. ती आणखी काही बोलू नये म्हणून मी तिला जवळ ओढून धरलं. कोपऱ्यात शिवायच्या कोटांचा गठ्ठा होता. साहेब म्हणाले, "ह्याच शाळेचं काम करताय व्हय?" मी म्हणाले, "व्हय, जवळच पडतं." हे इतकं चटकन तोंडून आलं की माझं मलाच नवल वाटलं. बाई काही विचारत नव्हत्या. त्या नुसत्या बघत होत्या. दोरीवरचे कपडे, दिनदर्शिका, डबे, एकेक गोष्ट. खोडलेल्या खुणेपाशी त्यांची नजर जरा जास्त थांबली.

शेवटी साहेबांनी फाइल मिटली. "ठीक हाय," म्हणाले आणि उठले. चप्पल पायात घालायला लागले. संपलं होतं सगळं. मी वाचले होते. माझी मुलगी त्या बाकावर बसली होती.

आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आवो, च्या घेतल्याबगर कसं जाताय?"

हे आमच्या रक्तात आहे, त्याला काय करणार. दारातून कुणी चहा न घेता निघालं की जीभ स्वतःची स्वतः हलते. साहेब "नको नको," म्हणाले. मी इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण समोरचा दोनदा नको म्हणाला की आपण तिसऱ्यांदा आग्रह करायचा, हेही रक्तात आहे. "अर्धा अर्धा कप," मी म्हणाले. साहेबांना ऊन लागलं होतं. ते परत टेकले. "बरं, टाका."

मी शेगडी पेटवली, पातेल्यात पाणी टाकलं, चहापत्ती टाकली. दुधाची बाटली होतीच. आणि हात साखरेसाठी पुढं गेला तसा जागच्या जागी थांबला. साखर नव्हती.

साखर का नव्हती, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, बावड्याचं, सासर कऱ्हाटीचं, दोन्हीकडं ऊस. घरातला म्हातारा माणूस कारखान्याचा सभासद असतो आणि सभासदाला कारखान्याची साखर मिळते. ती पोत्यानं येते आणि घरात पडलेली असते. मी जन्मात कधी दुकानातून साखर आणली नव्हती. वाण्याच्या यादीत साखर लिहायची असते हे माझ्या हाताला माहीतच नव्हतं. बाकी सगळं आठवलं, काडेपेटीसुद्धा आठवली.

तरी मी डबे उघडत बसले, कारण साहेब बघत होते. पहिल्यात मीठ. दुसऱ्यात डाळ. पुढचा उघडला आणि मागून आवाज आला, "हात धुवायला पाणी मिळेल?" शिक्षिका ओट्याशी येऊन उभ्या होत्या. डब्यात सिंह छापलेली पितळी बटणं चमकत होती. त्यांनी त्यातलं एक उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि परत टाकलं. खण्णकन वाजलं.

"साखर?" त्यांनी हळू विचारलं.

"संपली वाटतं," मी म्हणाले. "आलेच, शेजारनं आणते."

त्या वेळी गल्लीत उघडं असं दुसरं दार नव्हतंच. मी शेजारणीच्या दारात गेले. ती नुकतीच कामावरून आली होती, भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मला बघून उठली. पाच दिवसांत मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. "ताई, वाटीभर साखर देता का? पाव्हणं आल्यात," मी म्हणाले. तिनं फळीवरची एक स्टीलची वाटी घेतली, डब्यातून साखर भरली, वर थोडी जास्त घातली, आणि माझ्या हातात दिली. मी वळले तर शिक्षिका आमच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"ओ ताई," त्या माझ्या डोक्यावरून शेजारणीला म्हणाल्या, "तुम्ही इथंच राहता ना? मग एक सांगा. ह्या इथं राहतात का?"

माझ्या हातात तिची वाटी होती. पायरीवर दोघी पोरी शेजारी शेजारी उभ्या होत्या, केव्हा बाहेर गेल्या कुणास ठाऊक. मी शेजारणीच्या तोंडाकडं बघू शकले नाही. तिच्या पायांकडं बघत राहिले. धुण्याच्या पाण्यानं पांढऱ्या पडलेल्या तिच्या बोटांच्या बेचक्या मला दिसत होत्या. तिनं नाही म्हणायचं होतं, बस. एका शब्दात तिच्या मुलीचं काम होणार होतं, आणि तो शब्द खरा होता.

"व्हय," ती म्हणाली. "राहत्यात की."

"नक्की?"

"व्हय म्हनलं न्हवं."

शिक्षिकांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग फाइल उघडून लिहिलं. साहेब चहा प्यायले, चांगला झालाय म्हणाले. बाईंनीही घेतला. जाताना त्या दारात माझ्याजवळ थांबल्या आणि साहेबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या शाळेत यायला पत्ता लागत नाही हो. दारोदार फिरतो आम्ही, पोरं द्या म्हणून." त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्या रागावल्या नव्हत्या.

ते गेल्यावर मी रडले. भीती सरल्याचं रडू होतं, आनंदाचं होतं, आणि त्यात आणखी काय होतं ते मी तेव्हा बघितलं नाही. त्या संध्याकाळी आम्ही खोलीला कुलूप लावून कऱ्हाटीला परतलो. गडबडीत ती वाटीही माझ्या पिशवीतून आली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मुलीला मी शिवलेला कोट घालून फाटकातून आत सोडली. तिनं वळून बघितलंसुद्धा नाही. मग मी मागच्या गल्लीत गेले. घरच्या साखरेनं शीग लावून भरलेली ती वाटी फडक्यात बांधून आणली होती. आमच्यात कुणाची वाटी रिकामी परत करत नाहीत.

शेजारीण उंबऱ्यात बसून मुलीच्या वेण्या घालत होती. पोरीच्या अंगात जिल्हा परिषदेच्या शाळेचा गणवेश, नवा, जरा मोठा. खांदा उतरलेला होता, माझी नजर आधी तिथंच गेली. मी वाटी पुढं केली.

"तुमचं उपकार झालं, ताई."

तिनं वाटी घेतली नाही. वेणीला रिबिन बांधली, पोरीच्या पाठीवर थाप मारून तिला दप्तर आणायला आत पाठवलं आणि मग बोलली.

"त्यो अर्ज मीच दिला हुता."

मला ते माहीतच होतं. "मग त्या दिवशी असं का?" मी विचारलं.

"तुमी माझ्या दारात साखर मागाया आला. साखर मागाया आलेल्या बाईला ही हितं राहत न्हाय, असं कसं म्हनू? लांबची माणसं काय साखर मागाया येत्यात?" तिनं कंगव्यातले केस काढून टाकले. "माझं मलाच कळंना, काय बोलले. नवरा लई बोलला मला. पर बोलले ती बोलले. आता एक करा. राहा हितं. खरंच राहाया या. पोरीच्या देखत मी खोटं बोलले असं व्हाया नगं."

"येते," मी म्हणाले. तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले. "या महिन्यात येतोच आमी."

"मग तवा द्या वाटी. घर लावलं की."

आम्ही गेलो नाही. म्हैस होती, सासूबाईंचे गुडघे होते, उसाला पाणी द्यायचं होतं. कारणं सगळी खरी होती. पुढं कराराचे महिने संपले आणि आबांनी खोली दुसऱ्या कुणालातरी दिली, तेही कदाचित कागदावरच राहत असतील. मुलीला नवरा कामावर जाताना सोडतो. तिला शाळेतून आणायला मी जाते तेव्हा पुढच्या रस्त्यानं जाते, मागच्या गल्लीनं नाही. त्या सरांचं वाक्य अजून आठवतं, जागा आधी आमचीच होती म्हणून. पण ते वाक्य म्हणताना 'आमची' म्हणजे कुणाची, इथं आता मी अडखळते. मी बळकावली ती जागा कारखानदाराच्या नातवाची नव्हती. त्याची जागा कुणी हलवू शकत नाही.

बाक मिळाला का? मिळाला. डॉक्टरच्या मुलीच्या शेजारी नाही, पण त्याच वर्गात. पहिल्या वर्षी आपलं घर कुठंय असं विचारलं की ती "शाळेच्या मागं" म्हणून सांगायची. मीच तसं शिकवलं होतं. शिकली लवकर.

ती वाटी आमच्या साखरेच्या डब्यात असते. पोत्यातली साखर डब्यात काढली की तीच वाटी आत ठेवायची, अशी सवय होऊन गेली. मुलगी आता तिसरीत आहे. इंग्रजी धडाधड वाचते, मराठी मात्र एकेका अक्षरावर बोट ठेवून. परवा सकाळी मी चहा टाकला होता आणि ती ओट्याशी उभी राहून वाटी हातात फिरवत होती. भांड्यावर नाव कोरून घ्यायची आमच्याकडं रीत आहे. वाटीवर कोरलेलं नाव तिनं बोट फिरवत, अक्षर अक्षर जुळवत वाचलं. शेजारणीच्या मुलीचं नाव, तिच्या बारशाला ही वाटी कुणीतरी दिलेली असणार.

"आई, ही कोण?"

"शेजारची मुलगी आहे," मी म्हणाले.

तिनं दाराबाहेर बघितलं. दाराबाहेर चारी बाजूंनी नुसता ऊस होता.

"कुठल्या शेजारची?" तिनं विचारलं.